सात नंबरच्या ताटलीवरचा शब्द

हॉबरडेल, यॉर्कशर.
मंगळवार. (तारीख विचारू नका. कॅलेंडर स्वयंपाकघरात आहे आणि मी शेकोटीपाशी पाय वर करून बसलेय.)

आदरणीय कॉन्स्टन्सबाई,

तुमच्या धाकट्या भावाच्या बायकोचा, म्हणजे माझा, मर्टलचा, मनापासून नमस्कार. तब्येत कशी आहे? गुडघा काय म्हणतो? समुद्राची हवा मानवली का, की अजून हाडांत शिरते? मुलगा-सून बरे असतील. सीगल पक्षी तुमच्या हातातला तळलेला मासा अजून पळवतात का? मागच्या खेपेला तुम्ही एकाच्या डोक्यात छत्री घातलीत असं सुनेने कळवलं होतं, ते वाचून मला फार बरं वाटलं. म्हणजे हात चांगला चालतो. तुमची नव्वदी चार वर्षांवर आली आणि छत्रीचा नेम चुकत नाही, हे काही थोडं नव्हे. फोनच करणार होते, पण गेल्या वेळी मी अर्धा तास बोलले आणि शेवटी तुम्ही मला कोळसेवाला समजून म्हणालात, "आज कोळसा नको." तेव्हा पत्रच बरं. मी चौदाव्या वर्षी शाळा सोडलेली, तुम्ही चाळीस वर्षं शाळेत शिकवलेलं. त्यामुळे हे पत्र उघडताना तुमच्या हातात लाल पेन्सिल असणार, हे मला इथून दिसतंय. असू दे. फक्त आधी शेवटपर्यंत वाचा, मग खुणा करा.

इकडे सगळं उत्तम आहे. गाव माझ्याशी बोलत नाही, एवढंच. गाव बोललं नाही तर मला काही फरक पडत नाही, उलट चहा-साखर वाचते. पण हेटी बोलत नाही, हो. तुमच्या माहितीची हेटी सग्डन, माझ्या भिंतीपलीकडची. सेहेचाळीस वर्षं रोज सकाळी दहा वाजता दोघींचे दोन कप भिंतीच्या माथ्यावर ठेवून आम्ही गप्पा मारल्या. तिला जुळं झालं त्या दिवशी तेवढा खाडा पडला. आणि आता ती हेटी मला "मिसेस ओल्डरॉइड" म्हणते! ऐकून पाठीत गार वारा शिरल्यासारखं होतं. तर हे कसं झालं ते सांगते, आणि पहिल्यापासून सांगते, कारण मधूनच सुरू केलं तर सगळा दोष माझाच वाटेल.

पहिल्यापासून म्हणजे पुस्तकापासून. माझी नात पेट्रा लीड्सला कॉलेजात असते. तिने मला पंचाहत्तराव्या वाढदिवसाला एक पुस्तक दिलं. विटेएवढं जाड. मी म्हटलं, अगं, मला डोळ्यांनी दिसत नाही आणि खुनाच्या गोष्टी वाचून झोप येत नाही. तर म्हणाली, "आजी, यात गोष्टच नाही. नुसते शब्द आहेत." आणि खरंच, बाई! एक शब्द काढायचा, की त्याचं सगळं गोत एका परिच्छेदात दाटीवाटीने बसलेलं. चुलते, मामा, दूरचे जावई, सगळे. आपलं इंग्रजी इतकं लेकुरवाळं आहे हे मला पंचाहत्तर वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. मी न्याहारीला अंडं उकडायला ठेवलं आणि पुस्तक उघडलं, ते अंड्याचं पाणी आटून भांडं काळं झालं तेव्हा मिटलं.

तुम्ही म्हणाल, मर्टलला शब्दांचं काय पडलंय? पण तुम्ही एक विसरता, मी सतरा वर्षं गिरणीत रफूच्या खोलीत काढली. लोकरीच्या ठाणावरून बोट फिरवायचं, तुटलेला धागा सापडला की सुईने भरायचा. नुसत्या करड्या रंगाची सत्तावीस रिळं होती आमच्या पेटीत. बाहेरच्याला दाखवली तर म्हणेल, सगळी करडीच की. पण आमची मुकादमीण खिडकीपाशी ठाण धरून बघायची आणि जवळपासचा धागा भरलेला दिसला की उसवून पुन्हा करायला लावायची. तेव्हा हे पुस्तक बघितल्यावर मला वाटलं, ही तर माझीच पेटी! वेट आणि डॅम्प घ्या. धुणं डॅम्प असलं तर इस्त्री करता येते, वेट असलं तर पिळावं लागतं. भिंत डॅम्प असली तर आपण घरमालकाला पत्र लिहितो, वेट असली तर नळवाल्याकडे पळत सुटतो. आणि मॉइस्ट? मॉइस्ट होण्याचा मान फक्त केकला. आपण स्वतः स्लिम असतो, शेजारीण थिन असते आणि मुलाने पसंत केलेली मुलगी स्किनी. (तुम्ही स्लेंडर, अर्थात.) विकणारा नेहमी होम विकतो, घेणारा मात्र हाऊस घेतो, आणि पाऊस आला की गळतं ते हाऊसच. हे सगळं मला आधीपासून येत होतं, कॉन्स्टन्सबाई! तोंडात होतंच. फक्त ते येतंय हे कळत नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी दूधवाल्याला थांबवून त्याच्या दुधाला चार विशेषणं लावली. तो दुसऱ्या दिवसापासून बाटली फाटकाबाहेरच ठेवून जातो.

हेटीलाही पुस्तकाने वेड लावलं. रोज दहा वाजता चहाच्या कपांमध्ये पुस्तक उघडं ठेवायचं, आणि तिने डोळे मिटून बोट ठेवायचं. एके दिवशी तिचं बोट 'स्टबर्न'वर पडलं. पूर्ण परिच्छेद वाचून म्हणाली, "मर्टल, यात बावीस शब्द आहेत आणि बावीसही आमच्या ह्यांना फिट बसतात. तुला कुठलाही उरत नाही गं." असं हसलो दोघी, की तिचा कप माझ्या गुलाबात पडला.

मला यात काय आवडलं सांगू? तुमच्या भावाबरोबर मी एक्कावन्न वर्षं संसार केला. क्लिफर्डसारखा माणूस मिळणार नाही, पण त्याच्यापाशी विशेषण एकच होतं. ऑल राइट. जेवण कसं झालंय? ऑल राइट. मुलगी झाली हो! ऑल राइट. लग्नाच्या दिवशी चर्चच्या दारात माझा पोशाख बघून तुम्ही त्याला कोपराने ढोसलंत, तेव्हा तो काय म्हणाला ते तुम्हाला आठवत असेलच. तर एवढ्या वर्षांच्या ऑल राइटनंतर एका बाईला एका गोष्टीसाठी तीस-तीस शब्द सापडले तर ती जरा सैलावणारच की नाही?

आणि नेमकं तेव्हाच तुम्ही गावच्या पार्किन-स्पर्धेची परीक्षकी माझ्या गळ्यात घातलीत. (तुमच्या सुनेला समजावून सांगा. ती दक्षिणेकडची, ओटचं पीठ, काकवी आणि आलं घालून केलेला केक तिने फक्त लांबून पाहिला असेल.) तुम्ही मुलाकडे राहायला गेलात, कमिटीने विचारलं आता कोण, तुम्ही माझं नाव कळवलंत. आभारी आहे. मी नवी टोपी घेतली.

आता तुमची पद्धत सगळ्या गावाला पाठ होती. पहिल्या नंबरला लाल कार्ड आणि कप, आणि बाकी प्रत्येक ताटलीपुढे पांढरं कार्ड, त्यावर परीक्षकाच्या हातचा एक शब्द. तुम्ही एकतीस वर्षं तिथे 'नाइस' लिहिलंत. करपलेल्याला नाइस, कच्च्याला नाइस. एका वर्षी डॉक्टरांच्या बायकोने साखरेऐवजी मीठ घातलं होतं, तिलाही नाइस. (नंतर तुम्ही हॉलच्या मागे जाऊन तीन पेले पाणी प्यालात, मी पाहिलंय.) मला नेहमी वाटायचं, एवढी शिकलेली बाई, घरात पुस्तकांची कपाटं, आणि सुचतो तो शब्द एकच? (हे हेटी म्हणाली होती. मी फक्त मान हलवली.) मी ठरवलं, आपल्या राज्यात असं नको. बायका तीन-तीन आठवडे आधी पार्किन करून डब्यात मुरवतात, त्यांना निदान ज्याचा त्याचा शब्द तरी मिळावा. अंगाला बेतून शिवलेल्या कोटासारखा.

आदल्या दिवशी मी पुस्तकात 'नाइस' काढला. हे भलंथोरलं खटलं! त्यातले दहा एका लिफाफ्याच्या पाठीवर उतरवून घेतले. ताटल्या अकरा होत्या, एकीला लाल कार्ड, दहांना दहा शब्द. आणि चूक झाली ती इथे. मी धरून चालले की एका बाकावर बसलेत म्हणजे सगळे सारखेच असणार. सत्तावीस करड्या रिळांवर डोळे फोडलेली मी! लिफाफ्यावर ज्या क्रमाने उतरले होते त्याच क्रमाने ताटल्यांना वाटत गेले. पहिलीला पहिला, दुसरीला दुसरा, पोस्टमनने पत्रं टाकावीत तसे. चव घेतली, हो, प्रत्येकीची घेतली. पण शब्दाचा आणि चवीचा काही संबंध असतो हे त्या वेळी माझ्या नव्या टोपीखाली शिरलंच नाही. लाल कार्ड मी तीन नंबरला दिलं. (का दिलं, ते पुढे येतं.) शेजारी वही धरून एमॉट उभा होता, आपला जुना स्टेशनमास्तर. त्याने सगळं टिपून घेतलं, आणि दोन वाजता हॉलचं दार उघडलं.

लोक आत आले ते केककडे नाही, कार्डांकडे गेले. एकतीस वर्षं एकच शब्द वाचलेली माणसं, त्यांना दहा वेगळे शब्द दिसले. आधी त्यांनी आपापलं वाचलं आणि जरा सुखावले. मग शेजारचं वाचलं. आणि मग, कॉन्स्टन्सबाई, हॉलमधला आवाज खाली गेला. आपल्याकडे माणूस रागावला की आवाज खाली जातो हे तुम्ही जाणता. त्या दिवशी इतका खाली गेला की स्वयंपाकघरातल्या चहाच्या बंबाचं खदखदणं ऐकू यायला लागलं.

हेडमास्तर प्रिंगलना मिळाला होता 'सॅटिस्फॅक्टरी'. त्यांनी ते कार्ड माझ्यापुढे धरलं. म्हणाले, "मिसेस ओल्डरॉइड, हा शब्द मी तीस वर्षं मुलांच्या प्रगतिपुस्तकांत लिहिला. इतका लागतो हे माहीत नव्हतं." आणि भिंतीकडे तोंड करून बसले. पाद्रीबाईंना गेला 'हार्मलेस'. त्या नव्या आहेत, तुम्ही गेल्यावर आल्या, स्वभावाने हसऱ्या. त्या म्हणाल्या, "इंटरेस्टिंग." आता आपल्याकडे कुणी इंटरेस्टिंग म्हटलं की समजायचं काय ते. दुसऱ्या दिवशी प्रवचन होतं क्षमेवर, आणि सबंध प्रवचनभर त्या माझ्याकडे बघत होत्या. आनंद झाला तो एकट्या ग्लेंडाला, पबवालीला. तिच्या वाट्याला आला 'रिस्पेक्टेबल'. दोन नवरे सोडलेली, तिसरा धरून ठेवलेला, आणि गावाने आजवर तिला बरेच शब्द लावले पण हा कधी लावला नव्हता. तिने कार्डाला चौकट करून बारवर टांगलंय. माझा घोट फुकट, म्हणाली, मरेपर्यंत. मी पीत नाही हे माझं नशीब.

मंगळवारी फिरत्या वाचनालयाची गाडी आली तर डिक्शनरीसाठी रांग. कधी नव्हे ते. गाडीवाला म्हणाला की पंधरा वर्षांत त्या पुस्तकावरची धूळसुद्धा कुणी मागितली नव्हती. डीसेंट मोठा की फेअर मोठा, यावरून दोन चुलतभाऊ मेंढ्यांच्या बाजारात एकमेकांकडे पाठ करून उभे राहिले. मी काय करणार? मी दाराला कडी लावून घेतली.

पण हे सगळं मी हसत सोसलं असतं. हेटीची ताटली होती सात नंबरची. आणि तीन नंबर वगळल्यामुळे तिच्या वाट्याला लिफाफ्यावरचा सहावा शब्द आला, 'टॉलरेबल'.

ती आली, तिने वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला, परत वाचलं. मी कोपऱ्यात टोपी सावरत उभी. मला वाटलं, आता येईल आणि म्हणेल, "काय गं सटवे, सेहेचाळीस वर्षं मी तुला सहन केलं, आणि माझा केक सहन करायला तुला एवढं जड गेलं?" असं म्हणाली असती तर सगळं तिथेच मिटलं असतं, मी तिला मिठी मारली असती. पण ती आली आणि हात पुढे करून म्हणाली, "थँक यू, मिसेस ओल्डरॉइड. आपण फार कष्ट घेतलेत." आपण! मला! जिने माझ्या बाळंतपणात माझे पाय चेपले तिने!

दुसऱ्या दिवशी दहा वाजता मी माझा कप भिंतीवर ठेवला. पलीकडे काही नाही. साडेदहापर्यंत थांबले, चहावर साय धरली. तिच्या धुण्याच्या दोरीवर चादर होती, आणि चादरीखाली तिचे जोडे दिसत होते. ती चादरीमागे उभी होती हो, मी जाईपर्यंत.

मग मी माफी मागायला घेतली, आणि माफी मागायलाही, माझी अक्कल बघा, पुस्तकच उघडलं. पहिल्या दिवशी कार्डावर लिहिलं, सॉरी. ते तिच्या दाराच्या फटीतून सरकवलं. संध्याकाळी तेच कार्ड माझ्या दाराच्या फटीतून परत. खाली पेन्सिलने लिहिलेलं, 'फेअर'. परीक्षण केलं होतं बाईने! मला वाटलं शब्द हलका पडला, म्हणून दुसऱ्या दिवशी लिहिलं, मी रिग्रेट करते. शेरा आला, 'स्टेशनवर ऐकलंय'. तिसऱ्या दिवशी मी अपॉलोजाइज केलं. शेरा, 'बँकेनेही केलं होतं'. आणि बरोबरच आहे की! रेल्वे रिग्रेट करते, बँक अपॉलोजाइज करते, आणि सॉरी म्हणायला माणूस लागतं. आपला एमॉट पस्तीस वर्षं भोंग्यावरून रोज सकाळ-संध्याकाळ रिग्रेट करत होता, त्याला एकदाही वाईट वाटल्याचं त्याच्या बायकोच्या ऐकिवात नाही. चौथ्या दिवशी मी पुस्तकातला सगळ्यात लांब शब्द काढला. तो कार्डावर मावेना, शेवटची तीन अक्षरं कडेने उभी लिहावी लागली. त्यावर शेरा काहीच नव्हता. नुसतं कार्ड परत. ते मला सगळ्यात जास्त लागलं.

पाचव्या दिवशी मी पुस्तक कोळशाच्या पेटीवर ठेवलं, शाल घेतली आणि दहा वाजता भिंतीपाशी गेले. चादरीखाली जोडे होते. मी चादरीशी बोलले. म्हटलं, "हेटी, सात नंबर पहिला होता."

चादरीखालचे जोडे जरा पुढे सरकले.

म्हटलं, "पहिला घास तोंडात घातला तेव्हाच कळलं. तुझंच आलं ते. आधी गप्प बसतं आणि घशापाशी गेल्यावर चिमटा काढतं. असं गावात दुसऱ्या कुणाचं आलं करत नाही. पण मी घाबरले गं. पहिलंच वर्ष, आणि कप भिंतीपलीकडच्या मैत्रिणीला? लोक म्हणाले असते, बघा, कॉन्स्टन्सबाई गेल्या आणि लगेच घरचा कारभार सुरू झाला. म्हणून तीन नंबरला दिला. तो विगल्सवर्थचा होता हे मला ताटलीवरून कळलं. त्याची बायको गेली मार्चमध्ये, तिच्या हातची कृती वाचून त्याने जन्मात पहिल्यांदा काहीतरी भाजलं होतं. त्याला कुणी नावं ठेवणार नव्हतं. पायपुसण्यासारखा कोरडा होता, हेटी. मी गिळला."

मग चादर बाजूला झाली. हेटी म्हणाली, "ठाऊक आहे मला. सात नंबरचा तुकडा तू दोनदा घेतलास, एमॉटच्या वहीत आहे. खात्रीसाठी म्हणे!"

म्हटलं, "मग तुला आधीपासून ठाऊक होतं? आणि तरी?"

"तरी काय तरी! कप नकोय मला. राहू दे त्या बिचाऱ्याकडे, रोज पुसतो म्हणे तो. मला राग कपाचा नव्हता. तू माझ्या डोळ्यांदेखत खोटं लिहिलंस, तेसुद्धा टोपी घालून."

मी म्हटलं, "आता खरं सांगतेय ना? पहिला होता. उत्कृष्ट होता. अप्रतिम..." आणि सवयीने आणखी चार शब्द तोंडात आले, तर तिने हात वर केला. म्हणाली, "बस. मागच्या आठवड्यात टॉलरेबल, आज अप्रतिम. तुझ्याकडे शब्द फार झालेत, मर्टल. मी त्यातला कुठला धरू? तुझ्यावर माझा जीव आहे, पण तुझ्या शब्दावर आता काही ठेवता येत नाही." (मर्टल म्हणाली! मी ते मनात जपून ठेवलं.) आणि मग म्हणाली, "कॉन्स्टन्सबाईंना विचार. त्यांनी एकतीस वर्षं एकच शब्द वापरला, त्यामुळे त्या दुसरा लिहितील तेव्हा त्यात काहीतरी असेल. त्यांचा शब्द येईपर्यंत आपण मिसेस ओल्डरॉइड आणि मिसेस सग्डन."

तेव्हा मला तुमचं 'नाइस' कळलं, कॉन्स्टन्सबाई. शब्द सुचत नव्हता म्हणून नव्हतं ते. हॉलमध्ये एवढ्या बायका जीव मुठीत धरून उभ्या, त्यांना तुम्ही एकाच चादरीखाली घेतलंत, कुणाचा पाय उघडा पडू दिला नाहीत. आणि मला वाटायचं तुम्ही कंटाळा करता. (हे मलाच वाटायचं. हेटी नव्हती म्हणाली. तेवढं वरचं खोडून घ्या.)

तर सोबतच्या पार्सलात हेटीच्या पार्किनची एक वडी आहे. तिने स्वतः कापली, स्वतः कागदात गुंडाळली, गाठसुद्धा मला मारू दिली नाही. पार्किन मुरलेला आहे, आणखी महिनाभर काही होत नाही त्याला. चव घ्या, आणि एका कार्डावर एक शब्द लिहून पाठवा. कुठलाही लिहा. जो खरा वाटेल तो. चांगला असला तर आनंदच, आणि नसला तरी आम्ही सोसू. फक्त नाइस लिहू नका. उलट टपाली पाठवा, कारण माझा जीव टांगणीला लागलाय.

मुलाला, सुनेला आशीर्वाद. गुडघ्याला गरम पाण्याची पिशवी लावत जा. काही चुकलं असलं तर सॉरी, आणि हा मी पुस्तकातून घेतलेला नाही.

तुमची,
मर्टल

ता. क. एक सांगायचं राहिलं. हेटीने अट घातली होती की परीक्षकाचं मत आधीच वळू नये म्हणून मी पार्किनबद्दल पत्रात एक अक्षर लिहायचं नाही, फक्त 'सोबत वडी पाठवत आहे' एवढंच. तेव्हा वरची पानं तुम्ही वाचली नाहीत असं समजा. आल्याचं तर मुळीच वाचलं नाहीत.

ता. क. दुसरा. आज सोमवार आहे. पत्राला मी मंगळवारी बसले होते, आणि एका ओळीचं पत्र त्याच दिवशी गेलं असतं. पण बुधवारी सकाळी बरोबर दहा वाजता हेटीने दार वाजवलं. दारातूनच म्हणाली, "मिसेस ओल्डरॉइड, पत्र टाकलंत का?" मी म्हटलं, अजून थोडं राहिलंय, मिसेस सग्डन. गुरुवारी आत येऊन उभी राहिली. शुक्रवारी खुर्चीवर बसली, पण कोट काढला नाही. शनिवारी कोट काढला. काल रविवार, चर्चमधून सरळ इकडेच आली, दोन कप चहा प्याली आणि पाद्रीबाईंच्या टोपीबद्दल असं काही बोलली की मला ते पत्रात लिहिता येत नाही. आज निघताना म्हणाली, "इतकं काय लिहितेस गं?" म्हणून पत्र एवढं लांबलं. पण आता कागद संपले आणि पोस्टवाली म्हणते याहून जाड पाकीट पेटीत जाणार नाही, तेव्हा आज टाकतेच.

तर वर उलट टपाली म्हटलंय, ते खोडा. उद्यापासून ती पत्र आलं का विचारायला येणार. वडी सावकाश खा, कॉन्स्टन्सबाई. एकदम एका घासात कळत नाही, चार-चार दिवसांनी थोडी थोडी कुरतडून बघा. नाताळपर्यंत लावलंत तरी आमची काही तक्रार नाही.